नालीकडचा बाण

घराच्या नकाशावर सांडपाणी कुठे जाणार ते बाणाने दाखवायचं असतं. मी तेवीस वर्षं हे बाण काढतो आहे. नगरपंचायतीच्या फाटकासमोर माझं दुकान आहे, 'प्रफुल ड्राफ्टिंग' नावाचं, आणि ज्याला कायद्याने घर बांधायची हौस येते तो आधी माझ्याकडे येतो. असे फार नसतात. बाकीचे आधी स्लॅब टाकतात, मग नगरसेवकाला कोंबडी खायला बोलावतात. गावाचं नाव सांगत नाही. गोंदिया जिल्ह्यातलं आहे, ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आहे, आणि त्यामुळे फक्त शिक्के बदलले आहेत.

या गावात केशोराव रीतसर परवानगी मागायला आले तेव्हा मी मनात म्हणालो, आला एक बावळट.

केशोराव सत्तरीचे. घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. गावाबाहेरचा मोठा तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधला, असं गाव सांगतं, ते स्वतः कधी सांगत नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी त्या तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, सोडलं. कोणाची पाळी आधी, कोणाच्या बांधीत किती वेळ, हे ते ठरवत आणि गाव ऐकत असे. सख्ख्या भावाने पाळी नसताना पाट फोडला, तर यांनी स्वतः फावड्याने तो बुजवला. भाऊ दोन वर्षं बोलला नाही. आता ते काम सुटलं होतं, तरी पाण्यावरून तंटा झाला की लोक यांच्याच पडवीत येऊन बसत.

त्यांना एक खोली बांधायची होती. बायको नंदाबाई, लकव्याने डावी बाजू गेलेली. संडास मागच्या परसात, सांदवाडीत, घरापासून तीस पावलांवर. केशोराव त्यांना काखेत धरून नेत आणि आणत. पावसाळ्यात तिथे घोट्याएवढा चिखल होतो, आणि मागच्या वर्षी दोघंही त्यात पडले होते. म्हणून घराला लागून दहा बाय बाराची खोली, आतच संडास आणि मोरी, आणि तेही पावसात धानाचे रोवणे लागायच्या आत. मागणी एवढीच होती.

"बांधून टाका ना मामाजी," मी म्हणालो. "कोन पुसून राहिलं?"

"पाळी नसता पानी घेतलो नाही कधी," ते म्हणाले. "विचारूनच बांधीन."

मी नकाशा काढला. त्यांनी तो ओळीखाली बोट ठेवून पूर्ण वाचला, फी किती ते वाचलं, मागची कोरी बाजूसुद्धा उलटून पाहिली, आणि मग सही केली. तोवर माझा चहा थंड झाला होता.

आता अर्ज ऑनलाइन करायचा असतो. पूर्वी माणूस हाकलून लावायचा, आता तेच काम मोबाइल करतो. आमच्या नगरपंचायतीत अभियंता आहेत ओमेशसाहेब. वय तीस, डोळ्यांवर गॉगल, तोही केबिनमध्ये. साहेबांना घर कसं उभं राहतं ते माहीत नाही, पण ते कसं अडवायचं याची त्यांना जन्मजात समज आहे. आठ दिवसांनी केशोरावांच्या मोबाइलवर त्रुटी आल्या. त्रुटी म्हणजे साहेबांना पडलेले प्रश्न. ते सगळे एकदम पडत नाहीत. एकाचं उत्तर दिलं की दुसरा पडतो.

पहिली त्रुटी, मूळ घराच्या परवानगीची प्रत जोडा. घर सत्त्याऐंशी सालचं. तेव्हा परवानगी म्हणजे सरपंचाच्या ओसरीवरचा चहा. केशोरावांनी तो चहा सोबत प्यालेले दोन म्हातारे शोधले आणि त्यांना घेऊन कार्यालयात गेले. साहेबांनी त्यांना बाकावर दोन तास बसवलं आणि प्रतिज्ञापत्र मागितलं. केशोरावांनी तेही दिलं. दुसरी त्रुटी, जागेचा फोटो जोडा. त्यांनी फोटो काढून आणला. मोकळ्या जागेत खुर्ची, खुर्चीवर नंदाबाई, धुतलेल्या लुगड्यात. जिथे संडास होणार, बरोबर तिथेच बसवलेल्या. साहेबांना कळावं कोणासाठी आहे ते, म्हणून. साहेबांनी शेरा मारला, 'छायाचित्रात व्यक्तीमुळे जागा झाकली गेली आहे.'

मी शिवी दिली. केशोरावांनी दिली नाही. घरी जाऊन त्यांनी नंदाबाईंना उचलून बाजूला बसवलं आणि नुसत्या जागेचा फोटो काढून आणला. मला राग साहेबाचा आला होता, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त या म्हाताऱ्याचा आला. इतकं सरळ माणसाने असू नये, बाकीच्यांना फार जड जातं.

मग तिसरी त्रुटी आली. 'सांडपाण्याचा निचरा व जमिनीचा उतार दर्शवावा.' याचं उत्तर तयार असतं. संडासाचं पाणी टाकीत, आणि मोरीच्या पाण्याचा खोलीपासून रस्त्याच्या नालीकडे एक बाण. मी काढला. केशोरावांनी तो पाहिला आणि कागद परत केला.

"हे पानी तिकडं जात नाही बाबू."

"कागदावर जाते ना मामाजी."

"नाली उंच हाय."

दुसऱ्या दिवशी ते लेव्हलची नळी घेऊन, दोन्ही टोकांना पाणी समान धरून, सकाळपासून दुपारपर्यंत अंगण ते नाली मोजत बसले. मोजून झाल्यावर माझ्या दुकानात आले आणि स्वतःच्या अक्षरात उत्तर लिहिलं. 'नवीन नाली माझ्या अंगणापेक्षा नऊ इंच उंच आहे. माझे पाणी तिकडे जाणार नाही. तिकडचे इकडे येईल. मी मागे शोषखड्डा करीन.'

मी म्हणालो, हे पाठवू नका. नाली दोन वर्षांपूर्वी झाली होती, काम बरोबर झाल्याची सही ओमेशसाहेबांची होती, आणि जागेवर कोणीही नळी धरली नव्हती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. ते म्हणाले, पुसलं म्हणून सांगून राहिलो. आणि पाठवलं. पाणी वाटणाऱ्या माणसाला कोणी विचारलं की पाणी कुठे जातं, तर त्याला वाटतं, विचारणाऱ्याला खरंच जाणून घ्यायचं आहे. ही चूक आमच्या गावात दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती.

उत्तर सतरा दिवसांनी आलं. 'शासकीय नालीच्या पातळीबाबत आक्षेप घेण्याची अर्जदाराची पात्रता स्पष्ट करावी.' पात्रता! ज्याच्या घराण्याने तलाव बांधला आणि ज्याने चाळीस वर्षं त्या तलावाचं पाणी सांभाळलं, त्याला तीस वर्षांचं पोरगं पात्रता विचारत होतं. मी साहेबांना भेटलो. त्यांनी गॉगल वर केला आणि हसून म्हणाले, "अरे प्रफुल, बाण टाक ना यार. मेरेको क्या, दोन दिनमें पास करता हूं."

जून लागला होता. मी बाणाचा नकाशा घेऊन केशोरावांच्या घरी गेलो. पडवीत नंदाबाई खाटेवर होत्या, उजवं कोपर सोललेलं. सांदवाडीत पुन्हा पडल्या होत्या. केशोराव खाली बसून त्यावर हळद लावत होते. मी नकाशा पुढे केला. त्यांनी बाण पाहिला आणि मान हलवली.

"मी खोट्यावर सही करत नाही."

नंदाबाईंचं बोलणं लकव्यापासून जड झालं होतं. त्या एकेक शब्द ओढून म्हणाल्या, "तुमचं पानी खरं हाय." थोडं थांबून म्हणाल्या, "मंग मी काय खोटी आहो?"

 हळदीची वाटी बाजूला ठेवून केशोरावांनी हात धोतराला पुसला आणि माझ्याकडे पेन मागितलं. सही केली तेव्हा हळदीचं बोट कागदावर उमटलं. मला वाटलं, साहेब यावरही त्रुटी काढतील. त्यांनी काढली नाही. दोन दिवसांत मंजुरी आली.

खोली रोवण्याच्या आत झाली. चांगली झाली. भिंतीला धरायला लोखंडी दांडा, खाली खरबरीत फरशी, आणि सांडपाणी मागच्या केळींच्या बाजूला शोषखड्ड्यात, जिथे ते जायला हवं तिथे. नंदाबाई आता दांडा धरून एकट्या जातात. कागदावर मात्र त्यांच्या मोरीचं पाणी अजून नऊ इंच चढून नालीत जातं, आणि त्याखाली केशोरावांची सही आहे.

जुलैत मी भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज घेऊन गेलो, तेव्हा पडवीत खुशाल आणि दुलीचंद बसले होते. दोघांच्या बांध्या लागून आहेत. मधला पाट कोणाकडे उतरतो यावर दोघांचं वाजलं होतं, आणि केशोरावांनी चलून नळी लावावी, मग ते म्हणतील ते कबूल, असं दोघांचं म्हणणं होतं. मी ऐकत उभा राहिलो.

"मले नोका विचारू," केशोराव म्हणाले. "दुसरा कोनी पाहा."

"काऊन जी?" खुशाल म्हणाला. "तुमच्यावानी पानी कोनाले समजते?"

"मी कागदावर पानी चढावर चढवलो," केशोराव म्हणाले. "सही हाय माझी."

दोघांना ती थट्टा वाटली आणि ते हसले. केशोराव हसले नाहीत. थोडा वेळ बसून दोघं उठून गेले, आणि जाताना फाटकापासूनच पुन्हा भांडायला लागले.

ओमेशसाहेबांबद्दल मला जे वाटतं ते मी वर सांगितलं आहे. पण बाण माझ्या हातचा होता. तेवीस वर्षांत असे किती काढले ते मी मोजलेले नाहीत, आणि त्यातला एकही कधी कोणाला लागला असेल असं मला वाटलं नव्हतं. मी अर्ज केशोरावांपुढे ठेवला. चार पानांचा होता. मी चष्मा आणून देऊ का विचारलं. त्यांनी नको म्हटलं आणि न वाचताच चारही पानांवर सही केली.