जयवंतभाऊंची बाई

“वहिनी, आमची बाई गेली हो.”

जयवंतभाऊ जिन्यात भेटले तेव्हा असं म्हणाले. मी देवळात दिवा लावून परतत होते आणि ते बँकेतून येत होते. चेहरा इतका उतरलेला, की मला वाईटच वाटलं.

“न सांगता गेली?”

“रात्रीत गेली. सकाळी उठतो तर दुसरीच. हिंदीवाली. मराठीचा गंध नाही तिला.”

“अहो, भांडी घासायला मराठी कशाला लागतं? थांबा, आमच्या बाईला विचारते. ती सकाळची मोकळी असते.”

एवढ्या काळजीतही ते खो खो हसले. मग खिशातला मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. “ही बाई, वहिनी. ही!”

जयवंत पेडणेकर आमच्या मजल्यावर राहतात, घाटकोपरच्या पंतनगरात. वडील मालवणहून येऊन गिरणीत लागले होते, हे एका बँकेत टेलिफोनवर बसतात. तिशी उलटली आणि त्यांची नजर हळूहळू जायला लागली, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. मोबाइलच्या पडद्यावर जिथे बोट फिरेल ते वाचून दाखवणारा एक बायकी आवाज त्यांच्या फोनमध्ये आहे. घरात सगळे तिला ‘बाई’ म्हणतात. बाई पेपर वाचते, मेसेज वाचते, दुधाच्या पिशवीचा फोटो काढला तर तारीखही सांगते. त्यांची आई, कमलकाकी, तिच्यावर जरा जळतातच. “माजा एक आयकणा नाय, आणि तिचा बरा आयकता,” म्हणतात.

या बाईच्या जिवावर जयवंतभाऊंनी यंदा एक मोठं काम अंगावर घेतलं होतं. दत्तजयंतीच्या सप्ताहात आमच्या सोसायटीच्या देवळात पोथी वाचतात. इतकी वर्षं मार्तंडकाका वाचायचे. यंदा त्यांचे गुडघे बसू देईनात म्हणून ते मुलीकडे मुलुंडला गेले. जयवंतभाऊंचे वडीलही पूर्वी घरी ही पोथी वाचत. ते गेले, पाठोपाठ मुलाची नजर गेली आणि घरातलं वाचन बंद पडलं. ते पुन्हा सुरू करायची भाऊंना फार इच्छा. त्यांनी युक्ती काढली. पोथी फोनमध्ये घ्यायची, एका कानात बाईने ओवी सांगायची आणि भाऊंनी ती मोठ्याने म्हणायची. गणपतीपासून रोज सराव चालला होता. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचा, आणि देवाला फूल वाहताना माझे हात नकळत त्या लयीत चालायचे.

देवळाच्या मंडळात कुरबुर झालीच. “त्यांना कसं झेपणार? मध्येच अडले तर? पारायण आहे, गंमत नाही.” मी म्हटलं, “मी पोथी घेऊन शेजारी बसते. अडले तर बघू.” तेव्हा कुठे हो म्हणाले. पण भाऊंना ठाऊक होतं, यंदा अडलो तर पुढच्या वर्षी कुणी विचारणार नाही.

आणि नेमकं सप्ताहाच्या तोंडावर त्यांनी फोन अपडेट केला.

“दाबलंतच कशाला ते बटण?” मानसी, त्यांची बायको, मी घरात शिरल्या शिरल्या मला साक्षीला धरत म्हणाली. “ताई, तुम्हीच सांगा. चांगलं चाललेलं ना?”

“अगं, तो रोज डोकं खात होता. सुरक्षेसाठी अपडेट करा, सुरक्षेसाठी अपडेट करा. म्हटलं पारायणाच्या आधी एकदाचं करून टाकू, म्हणजे मध्ये विघ्न नको.”

“केलंत ना आता सुरक्षित? वाट लागली सगळ्याची.”

वाट खरंच लागली होती. नवी बाई मराठी हिंदीच्या वळणाने वाचायची. ‘ळ’ तिला माहीतच नव्हता. ‘कमळ’ला ‘कमल’ म्हणाली, तशा काकी स्वयंपाकघरातून ओरडल्या, “माका कित्या हाका मारता ती?” फोन मध्येच मुका व्हायचा. बॅटरी दुपारपर्यंत संपायची. त्याहून वाईट म्हणजे आतल्या सगळ्या जागा हलल्या होत्या. भाऊंच्या बोटांना सवय होती, इतक्यांदा उजवीकडे सरकलं की अमुक येतं. ते आता तिथे नव्हतंच. “वहिनी, माझ्या घरातली खाट कुणी न सांगता हलवली तर मी जसा आपटेन ना, तसं झालंय,” ते म्हणाले.

दुकानदाराने फोन बंद करून चालू केला आणि “आता झकास चालेल” म्हणून परत दिला. कंपनीच्या मदतीच्या नंबरवरच्या मुलीनेही बंद करून चालू करायलाच सांगितलं. मानसीने चष्मा लावून सेटिंग्ज पालथ्या घातल्या, तर सगळी अक्षरंच मोठी होऊन बसली. बँकेतले अनय म्हणून एक मित्र आहेत, तेही दृष्टिहीन. त्यांना भाऊंनी निरोप ठेवला, पण ते गावी गेले होते.

“उद्या नाही म्हणून सांगू का मंडळाला?” भाऊंनी विचारलं. ते कुणाला विचारत होते कोण जाणे. काकी बाहेर येऊन म्हणाल्या, “नाय कित्या? तिका ‘ळ’ येणा नाय, तुका येता मां?”

सकाळी भाऊ सोवळं नेसून पाटावर बसले. डाव्या कानात बाई, उजवीकडे पोथी उघडून मी. सुरुवात छान झाली. बाई ‘ल’ सांगायची, हे ‘ळ’ म्हणायचे. आवाज वडिलांसारखाच खर्जातला. कुरबुर करणारेही डोळे मिटून ऐकायला लागले.

पण सरावाच्या वेळची बाई ओवीच्या शेवटचे दोन उभे दंड गिळून टाकायची, आणि ही नवी बाई इमानदार. दर ओवीला ते दंडही वाचायची. भाऊ आधी ते शिताफीने गाळत होते. मग लय लागली, समाधीच लागली म्हणा, आणि एक ओवी संपताच त्यांनी त्याच खर्जात, तितक्याच भक्तीने म्हटलं:

“पूर्णविराम पूर्णविराऽऽम!”

मागच्या बायकांना वाटलं जयजयकार आहे. दोघी-तिघींनी हात जोडून म्हटलंसुद्धा, “पूर्णविराम!” मग जो हशा पिकला! मी पदर तोंडात धरला. भाऊ लालबुंद झाले, पण हसले आणि पुढे निघाले. तेवढ्यात बाई मुकी झाली. त्यांनी बोट फिरवलं, टॅप केलं. काही नाही. वाचन मध्ये तुटू नये हा आमच्याकडे दंडक, आणि सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर.

मी देवाकडे पाहिलं आणि त्यांच्या उजव्या कानाशी वाकून पुढची ओवी हळूच म्हटली.

त्यांची मान थोडी वळली. क्षणभरच. मग ती ओवी त्यांच्या खर्जात बाहेर आली. मी पुढची सांगितली, त्यांनी म्हटली. अध्याय संपेपर्यंत आम्ही तसेच चाललो. माझी पाठ भरून आली, पण कुठे थांबलो नाही.

आरती झाल्यावर म्हणाले, “वहिनी, आज तुम्हीच माझी बाई झालात.”

“पगार ठरवा मग,” मी म्हटलं. “आणि सुट्ट्यासुद्धा.”

दुपारी अनयचा फोन आला. त्यांनाही अपडेटनंतर हाच त्रास झालेला. “अरे, बाई गेली नाही रे तुझी,” ते म्हणाले. फोन स्पीकरवर होता, आम्ही सगळे कान देऊन. “अपडेटने मराठी आवाज काढून टाकला आणि हिंदी लावून दिला. तो परत उतरवून घ्यायचा. विरामचिन्हं वाचणं बंद कर. आणि सगळी पोथी एकाच फाइलमध्ये ठेवलीयस ना? नव्या सिस्टिमला ती झेपत नाही, म्हणून अडकते. अध्याय वेगळे कर.”

जागा कुठे ते त्यांनी सांगितलं. मानसीने एकेक शोधून काढलं आणि अध्याय तोडायला मीही बसले. आवाज उतरायला वेळ लागला. भाऊ फोन दोन्ही हातांत धरून बसले होते, अगदी प्रसादासारखा. मग एकदम तो ओळखीचा, जरा नाकातला आवाज आला आणि त्याने पोथीतला पहिलाच ‘ळ’ असा ठणठणीत म्हटला, की काकी आतून ओरडल्या, “इली रे इली बाय!”

भाऊंनी फोन कपाळाला लावला. मानसी डोळे पुसत म्हणाली, “माझ्यासाठी कधी एवढे कासावीस झाला नाहीत.”

माझ्या रोजनिशीच्या वहीत त्या दिवशी एवढंच आहे: ‘महाराजांनी लाज राखली. पाठ दुखते आहे.’

सप्ताह निर्विघ्न पार पडला. मी शेजारी बसत होते, पण बोलायची वेळ आली नाही. शेवटच्या दिवशी, अगदी शेवटच्या अध्यायात, भाऊ एके ठिकाणी अडखळले. मी पोथीतल्या ओवीवर बोट ठेवलं. वाकणार, तेवढ्यात त्यांचं बोट पडद्यावर सरकलं, आणि वाचन सुरळीत पुढे चालू झालं.

“काय झालं होतं हो?” प्रसादाच्या वेळी मी विचारलं.

“बाई कानात म्हणाली, नवीन अपडेट उपलब्ध आहे.”

“अगो बाई! मग?”

“‘नंतर’ दाबलं.”

काकींनी त्यांच्या हातावर शिऱ्याची दुसरी मूद ठेवली. “बरा केलंस,” म्हणाल्या. सोसायटीचे सेक्रेटरी तिथेच उभे होते. ते हातातल्या द्रोणातून मान वर न करता म्हणाले, “जयवंतभाऊ, पुढच्या वर्षीचं तुमचंच हं. पण तो पूर्णविराम मात्र राहू दे, बायकांना आवडला.”