दोन्ही खांद्यांचं माप

प्रज्ञाने स्वतःच्या मापाने शिवलेल्या ट्रायल ब्लाउजला उजव्या बगलेत चुणी पडत होती. तिसऱ्यांदा शिलाई उसवताना ती रडकुंडीला आली होती. मी लांबूनच बघितलं आणि भर वर्गात म्हणाले, "शिलाई ठीक आहे गं. तुझा उजवा खांदाच खाली आहे."

मुलुंडच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये मी ड्रेसमेकिंग शिकवते. आमच्याकडे माप एकाच बाजूचं घेतात आणि कापड दुहेरी घडी घालून कापतात. म्हणजे दुसरी बाजू आपोआप तशीच निघते. गिऱ्हाईकाचा एक खांदा उतरता असेल, तर जुने मास्तर आतून गुपचूप पॅड लावतात, तोंडाने बोलत नाहीत. मला हे ठाऊक होतं. तरी बोलून गेले.

दुसऱ्या दिवसापासून प्रज्ञा येईनाशी झाली. प्रॅक्टिकल बारा दिवसांवर. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसवणार नाही, असं प्रिन्सिपल सरांनी मला स्पष्ट सांगितलं. ती फोन उचलत नव्हती. शेवटी नाहूरला तिच्या घरी लावला. आईने घेतला.

"मॅडम, पोरगी दिवसभर आरशासमोर खांदा वर ओढून उभी असते. काय बोललात तुम्ही तिला?"

एकोणीस वर्षं तिच्या लक्षातही न आलेली गोष्ट मी एका वाक्यात तिच्या गळ्यात बांधली होती. सॉरीचा मेसेज तीनदा लिहिला, तीनदा खोडला.

मग वर्गातल्या सगळ्यांची दोन्ही बाजूंची मापं घेतली. माझीही घ्यायला लावली. नावं न घालता आकडे कागदावर उतरवले. एकीचेही खांदे सारखे निघाले नाहीत. मुली आधी हसल्या, मग टेप पुन्हा लावून बघू लागल्या. सगळ्यांना विचारून कागदाचा फोटो प्रज्ञाला पाठवला. तिने तो लगेच बघितला. दोन दिवस माझं कशात लक्ष लागेना.

तिसऱ्या दिवशी ती आली. "सगळ्यात जास्त फरक कोणाचा आहे?"

"माझा."

ती मशीनवर जाऊन बसली.

प्रॅक्टिकलला तिने कापड घडी घातलंच नाही. दोन्ही बाजू वेगळ्या कापल्या. वेळ पुरला नाही, हुक राहिले. हे काय केलंस, असं एक्स्टर्नल मॅडमनी विचारलं.

"माझे दोन्ही खांदे सारखे नाहीत, मॅडम," प्रज्ञा म्हणाली. "मग कापड सारखं कशाला कापू?"

हुकांचे मार्क गेले. काठावर पास झाली. ब्लाउज मात्र अंगावर चोख बसला, एकही चुणी नाही.

आता मी पहिल्याच तासाला दोन्ही बाजू मोजायला लावते. आकडा मात्र मोठ्याने वाचत नाही.