चौतीस वेढ्यांची कॉइल

टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना सगळे खरखरकाका म्हणत. स्वभाव खरखरीत होताच, पण नाव पडलं ते रेडिओमुळे. घरी बनवलेला, बोलायचा-ऐकायचा हौशी रेडिओ सेट घुमायला किंवा शिट्ट्या मारायला लागला, की त्याचा मालक तो काखोटीला मारून काकांकडे यायचा. काका आधी त्याला चार शब्द सुनवायचे, मग सेट उघडायचे. आवाजाच्या भागाला हलकेच बोट लावायचं. स्पीकर गुरगुरला तर तो भाग शाबूत. मग लाकडी पेन्सिलीने कॉइलवर टकटक. "दहापैकी आठ वेळा कॉइलच नाटकं करते," असं ते छातीठोकपणे सांगायचे.

आणि आता स्वतःच्या सेटवर पाळी आली, तर पेन्सिल हातात घ्यायला तयार नव्हते.

दर रविवारी सकाळी आठला गावोगावची दहा-बारा हौशी मंडळी रेडिओवर जमायची. हजेरी घ्यायचा मान तीस वर्षं काकांचा. पण गेले तीन रविवार, दहा मिनिटांत सेट तापला की त्यांचा आवाज तडतडायचा आणि ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवरून सरकायचा. "काका, पळताय कुठे?" अशी टिंगल सुरू झाली. यापुढे हजेरी दुसऱ्या कुणी घ्यावी, असंही एकाने अदबीने सुचवलं. ते काकांना फार लागलं.

त्यांनी कंडेन्सर बदलले, माइकची तार बदलली, सगळे सांधे पुन्हा सोल्डर केले. शेजारच्या मिक्सरलाही दोष देऊन झाला. शनिवारी दुपारी माहेरी आलेली लेक शेवटी म्हणाली, "बाबा, कॉइल बघितलीत?"

"कॉइलला काय धाड भरलीय?"

"बघितलीत का, एवढंच विचारलं."

कॉइल काकूंनी गुंडाळलेली होती. काकांच्या जाड बोटांतून ती बारीक तार निसटायची. म्हणून काकू तारेचं एक टोक दाराच्या कडीला बांधायच्या आणि तार ताणून धरत, नळीवर वेढे घेत, ओठांतल्या ओठांत मोजत, पावलापावलाने दाराकडे यायच्या. मध्ये कुणी बोललं तर डोळे वटारायच्या. शेवटी वरून मेण ओतून वेढे पक्के करायच्या. या कॉइलच्या मेणात त्यांच्या बोटाचा ठसा उमटला होता. काकू जाऊन चार वर्षं झाली होती. साड्या वाटल्या, चष्मा देऊन टाकला. ठसा तेवढा सेटमध्ये राहिला होता.

काकांनी पेन्सिल टेकवली. स्पीकर तडतडला. मेणाखाली तार हिरवी पडली होती.

"ही जपून ठेवा, दुसरी करा," लेक म्हणाली.

"नळी कुठून आणू? चिनी मातीची आहे, अशी मिळत नाही आता. प्लास्टिकची तापली की आवाज पुन्हा सरकणार." काकांनी ठशावरून एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाले, "आण गरम पाणी."

मेण वितळलं. ठसा गेला तेव्हा काकांनी तोंड फिरवलं.

जुनी वही उघडून त्यांनी वेढ्यांचा आकडा पाहिला. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, चौतीस. ते मोजत तार सोडवू लागले. चौतीस झाले. तार संपेना. पस्तीस. छत्तीस.

"आई मोजायला चुकली?"

"ती? आणि चुकेल?"

त्यांनी कागद ओढला, गणित नव्याने मांडलं. पुन्हा मांडलं. उत्तर दोन्ही वेळा छत्तीस आलं. तीस वर्षांपूर्वी नळीचं माप त्यांनीच चुकीचं घेतलं होतं. चौतीस वेढ्यांवर सेट भलत्याच फ्रिक्वेन्सीवर बोलला असता. काकूंनी तेव्हा विचारलं होतं, "चौतीसच का हो? मागच्या कॉइलला छत्तीस होते." आणि काका खेकसले होते, "गणित माझं. तू फक्त गुंडाळ."

सेट पहिल्याच फटक्यात लागला, हे काकांनी पुढे येईल त्याला ऐकवलं. काकू तेव्हा चहाचे कप घेऊन तिथेच उभ्या असायच्या. एका शब्दाने बोलल्या नाहीत. काकांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

नवी तार त्यांनी स्वतः गुंडाळली. चार वेळा निसटली, पाचव्यांदा जमली. मोजून छत्तीस.

रविवारी अर्धा तास झाला तरी आवाज जागचा हलला नाही. "काका, दोष होता तरी कशात?" कुणीतरी विचारलं.

काकांनी बोलण्यासाठी माइकचं बटण दाबून धरलं. "कॉइलची तार गंजली होती. ती बदलली. पण खरा दोष माझ्या गणितात होता. तीस वर्षांपूर्वी. बायकोने गुपचूप दुरुस्त केला होता, मला काल कळलं."

मग लेकीकडे वळून ते हळूच म्हणाले, "हे तिला सांगायला हवं होतं गं. एकदा तरी."

बटण अजून दाबलेलंच होतं.