पप्पांचा पाय आणि जयेशभाईंची गाडी

ताईच्या लग्नाला पप्पा भोंगा वाजवत गेले. त्यात त्यांची काही चूक नव्हती.

चार दिवस आधी ते जिन्यावरून घसरले आणि उजवा पाय मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. कन्यादान तर त्यांनाच करायचं होतं. मुहूर्त सव्वाअकराचा, घर लिंबायतला, कार्यालय शहराबाहेर चलथाणला आणि न वाकणारा पाय कुठल्याच गाडीत मावेना. शेवटी धुळ्याच्या मामांनी तोडगा काढला. शेजारच्या जयेशभाईंच्या गाडीची पुढची डावी सीट काढायची. पप्पा मागे, पाय पुढे.

"सीट नीचे वायर छे, संभाळजो," जयेशभाई म्हणाले. चोरांच्या भीतीनं त्यांनी नुकताच, वायर सुटली की वाजणारा भोंगा बसवून घेतला होता.

"मी शे ना," मामा म्हणाले.

बोल्ट निघाले. वायरींच्या मधोमध एक पांढरी क्लिप होती, अंगठ्यानं दाबली की सुटणारी. मला ती स्पष्ट दिसत होती. (मोठी माणसं बोलत असताना मला बरंच काही दिसतं.) इंग्रजी शाळेत बोलण्याआधी हात वर करायची सवय लावतात. मी हात वर केला. मामांनी त्यात पाना दिला.

"मामा, ती क्लिप..."

"बाजूले व्हय बेटा, साडीले ग्रीस लागी."

आणि हिसका दिला. सीट बाहेर आली, क्लिप निखळली, तिचं एक टोक मॅटखाली सरकलं आणि भोंगा सुरू झाला.

सगळे तुटलेली वायर शोधू लागले. वायर तुटलीच नव्हती. बॅटरी सोडवली की भोंगा बंद, पण गाडीही बंद. साडेदहा वाजले.

"वाजू द्या," पप्पा म्हणाले. "मला आत घाला."

प्लास्टर नेमकं त्या मॅटवर टेकलं. आता सांगून उपयोग नव्हता, म्हणून मी सांगितलं नाही.

जयेशभाईंनी शुभ म्हणून सनईची कॅसेट लावली. ती वाजत होती, असं ते अजूनही सांगतात. रिक्षा, टेम्पो, उसाचे ट्रक भराभर बाजूला झाले. अकराला पाच कमी असताना आम्ही कार्यालयात शिरलो, तेव्हा पोलीस आले समजून वरपक्ष उठून उभा होता.

पप्पांना उचलल्याबरोबर मी मॅट वर केली, दोन टोकं जोडली. टक्. एकदम शांतता. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता.

"तुले माहीत व्हतं?" मामांनी विचारलं. "मंग बोलनी का नही?"

"पुढच्या वेळी," पप्पा म्हणाले, "भोंग्याच्या आधी तू बोल."

मी मान हलवली. बोलले काही नाही.