पिंजाऱ्याच्या कोठ्यातली धुरी

लुटारूंचा जमादार घोड्यावरून उतरलाही नाही. त्याने तलवारीचं टोक कोठ्याच्या दाराकडे केलं आणि म्हणाला, "दुपारून कापूस न्याले बंड्या घेऊन येतो. कोठ्याले कुलूप दिसलं त घर पेटवून देईन." मग तो आणि त्याची दोन माणसं आली तशी अमरावतीच्या रस्त्याला लागली.

मी तेव्हा अंगणात सरकी निवडत बसले होते. घर माझं नव्हतं, गाव माझं नव्हतं आणि काळही माझा नव्हता. त्याचा खुलासा आधी करते.

मी बियाणे संकलक होते. अकोल्यातल्या एका बियाणे संस्थेत माझी सगळी नोकरी झाली. आमच्याकडे दोन प्रकारचे संकलक असत. काही जण गावोगाव फिरून जुनी वाणं गोळा करत. जी वाणं आता कुठेच उरलेली नाहीत, ती आणायला उरलेले मागच्या काळात जात. मी मागे जाणाऱ्यांपैकी. यंत्र कसं चालतं ते मला विचारू नये. रोज एसटीने जाणाऱ्यालाही इंजिनातलं काही कळत नसतं.

त्या वेळी मला 'बनी' आणायला पाठवलं होतं. बनी म्हणजे वऱ्हाडातला जुना कापूस. धागा मऊ, उत्पन्न कमी. मी गेले तो काळ कापसाच्या तेजीचा होता. अमेरिकेत लढाई पेटली होती, तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळत नव्हता, म्हणून व्यापारी वऱ्हाडात उतरले होते. भाव असा चढला की जो तो मिळेल ती सरकी पेरत सुटला. त्या घाईत बनीत भेसळ झाली आणि पुढे ती संपली. म्हणून निर्भेळ सरकी हवी तर तेजी पुरती डोक्यात जाण्याआधीच जायला हवं होतं.

आम्हाला दोन नियम होते. पहिला, अंगावरचे कपडे आणि एक कापडी पोतं सोडून इथलं काही तिकडे न्यायचं नाही. दुसऱ्याला आम्ही 'झिरो हार्म' म्हणत असू. तिकडचा कोणीही आपल्या हातून मरता कामा नये, कायमचा जायबंदी होता कामा नये. कारण साधं आहे. तुम्ही ज्याला माराल त्याचा पणतू कदाचित तुमच्याच ऑफिसात बसलेला असतो.

मी एलिचपूरची, म्हणजे आजच्या अचलपूरची, गवळीण म्हणून फिरत होते. म्हशींना खायला सरकी हवी, असं सांगायचं. कोणाला शंका येत नसे. शेवटचा मुक्काम या पिंजाऱ्यांच्या घरी होता. पिंजारी म्हणजे कापूस पिंजणारा. घरचे पुरुष गाड्या घेऊन अमरावतीच्या बाजारात गेले होते. घरात सून रहीमबी आणि तिची सासू. सासूला सगळी गल्ली अम्मा म्हणे, मीही म्हणत असे. त्यांनी मला पडवीत जागा दिली होती. माझी चूल मी वेगळी मांडली होती, त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

कोठ्यातला कापूस त्यांचा नव्हता. गावातल्या शेतकऱ्यांनी तो सरकी काढायला आणि पिंजायला विश्वासाने आणून टाकला होता. तो गेला असता तर या घरात पुन्हा कोणी बोंडसुद्धा ठेवलं नसतं.

जमादार गेल्यावर रहीमबीने अंगणाचं फाटक लोटलं. मग मला म्हणाली, "गवळनबाई, तुमी निंगा. हे आमच्या घरचं हाय."

निघायला हरकत नव्हती. गावाबाहेरच्या विहिरीपाशी माझी 'विंडो' होती. विंडो म्हणजे परत येण्याची वेळ. ठरलेल्या जागी दार थोडा वेळ उघडतं, तेवढ्यात पलीकडे यायचं. माझी सूर्यास्ताच्या आधीची होती. पोतं भरलेलं होतं. नियमाप्रमाणे मी तिथे जाऊन बसायला हवं होतं. मी गेले नाही. त्याचं कारण मी रिपोर्टात लिहिलं नाही आणि आताही मला नीट सांगता येत नाही.

मी घरात काय काय आहे ते पाहायला लागले. पानाचा चुना होता. कपड्यांचा सज्जीखार होता. तुरटी होती, कल्हईचा नवसागर होता, जवसाचं तेल होतं. आणि उतरंडीत वाळलेल्या मिरच्या होत्या. चुन्याचा विचार मी लगेच सोडला. चुन्याने डोळा जातो, आणि गेला की परत येत नाही. बाकीच्या वस्तूंनी एक तर काही होत नव्हतं किंवा फार होत होतं. मला असं काही हवं होतं की माणूस आडवा पडेल आणि उद्या उठून कामाला लागेल. उरली मिरची.

धुरी हे माझ्या कामातलंच. बियाण्याच्या कोठीत कीड पडू नये म्हणून आम्ही बंद खोलीत धूर सोडतो. हवा कुठून येते, धूर कुठे साचतो, हे मला पाठ होतं. कोठ्याला पुढे एक दार होतं आणि मागच्या भिंतीत उंचावर एक झरोका. वारा मागून येत होता. भिंतीमागे मडक्यांत धूर करून झरोक्यातून आत सोडला तर विस्तव कापसाजवळ न्यावा लागणार नव्हता. कापूस आणि ठिणगी एका ठिकाणी आली की बोलायला काही उरत नाही.

रहीमबीला हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली की कापूस कोठ्यात ठेवायचाच कशाला. आम्ही तो मागच्या गोठ्यात नेऊन कडब्याखाली दडवला. रिकाम्या बोऱ्यांत कुटार, म्हणजे भुसा, भरलं, तोंडाशी थोडा कापूस दाबला आणि त्या कोठ्याच्या अगदी आत रचून ठेवल्या. दार सताड उघडं ठेवायचं, असं मी दोघींना बजावलं. धूर भरला की ते बाहेर पळतील, डोळे मिटलेले असतील, तेव्हा गल्लीतल्या बायांनी हत्यारं काढून घ्यायची. अम्मा ऐकत होती. दाराशी मी तिलाच उभं राहायला सांगितलं.

गोवऱ्यांवर धूर करून पाहिला. तो पातळ निघाला, वर छपराला लागून निघून जात होता. जड धुराला तेलकट काहीतरी जळायला हवं. जवसाच्या तेलाने भडका उडाला असता; सरकी तेलकट असते आणि नुसती धुमसते. पण घरची सरकी पुरुषांनी बाजारात नेली होती. गावात कोरडी सरकी उरली होती ती फक्त माझ्या पोत्यात.

त्या पोत्यासाठी मी गावोगाव पायपीट केली होती. एकेक बी पारखून घेतलेलं होतं. मी ते मडक्यांत ओतायला लागले तेव्हा रहीमबीने हात धरला. तिने विचारलं, "मंग तुमच्या म्हशी काय खातीन?"

मी म्हटलं, पाहू.

दुपार कलली तेव्हा ते आले. बरोबर धमकावून आणलेले दोन बंडीवाले, म्हणजे बैलगाडीवाले, होते. मी भिंतीमागे सूप घेऊन बसले होते. पुढचं मला दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. जमादार स्वतः आत जाणार नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तो ओट्यावर बसला आणि आपल्या दोन माणसांना आत पाठवलं.

मी मडक्यांवरची झाकणं काढली, मिरच्या टाकल्या आणि सुपाने वारा घालायला लागले. धूर पिवळट, दाट झाला आणि झरोक्यातून आत गेला. आधी एक जण खोकला. मग दोघं. मग शिव्या. आता ते बाहेर पळतील म्हणून मी थांबले.

तेवढ्यात दार आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ कडी लागल्याचा.

मी मडक्यांवर ओलं गोणपाट टाकलं आणि वळसा घालून पुढे धावले. अम्मा बंद दाराला पाठ लावून उभी होती. जमादार तलवार उपसून तिच्याकडे निघाला होता. रहीमबी त्याच्या मागे होती. धनुष्यासारख्या धनुकलीच्या दोरीवर आपटून ज्याने कापूस पिंजतात तो लाकडी दांडका तिच्या हातात होता. रोज दिवसभर ती तो चालवत असे. तिने तो एकदाच त्याच्या मनगटावर मारला. तलवार खाली पडली, जमादार खाली बसला. बंडीवाल्यांनी इतका वेळ नुसतं पाहिलं होतं. आता एकाने तलवार उचलली आणि जमादाराच्या बाजूला उभा राहिला, पण टोक त्याच्याकडे करून.

आतून दारावर धक्के बसत होते.

मी म्हटलं, "अम्मा, दार उघडा. मरतीन ते."

"मंग त्याईले काय निस्तं खोकलाले बोलावलं का?" अम्मा म्हणाली.

मागच्या हंगामात असल्याच माणसांनी तिच्या नवऱ्याला रस्त्यात अडवून मारलं होतं. बंडीत घालून घरी आणल्यावर तो फार दिवस जगला नाही. हे रहीमबीने मला आधी सांगितलं होतं. तरी दाराशी अम्माला उभं करायचं नाही, हे मला सुचलं नव्हतं. प्रोटोकॉल मला लागू होता, तिला नाही.

धक्के कमी झाले. एकाच माणसाचा आवाज येत होता.

रहीमबीने दांडका खाली ठेवला. ती सासूसमोर जाऊन उभी राहिली आणि हळूच बोलली, "अम्मा, याच कोठ्यात मले रोज बसून काम करा लागते. मुडदे नाई पायजेत मले इथं."

अम्मा हलली नाही. रहीमबीने तिचा हात धरून तिला बाजूला केलं, एखादं भांडं सरकवावं तसं, आणि कडी काढली.

एक जण गुडघ्यांवर रांगत बाहेर आला. दुसरा आला नाही. मी पदर पाण्यात बुडवून तोंडाला बांधला आणि आत गेले. आमच्याकडे धुरीच्या खोलीत जायचं म्हणजे मास्क असतो, एक्झॉस्ट असतो, बाहेर सेफ्टी ऑफिसर उभा असतो. तिथे मी एकटी होते आणि डोळे उघडत नव्हते. तो पायाला लागला म्हणून सापडला. पायाला धरून ओढत आणला.

वीस-बावीसचा असेल. ओठ काळेनिळे पडले होते, छाती वाजत होती, पण श्वास नीट आत जात नव्हता. मी त्याला भिंतीला टेकवून बसवलं, अंगरखा सैल केला, तोंडावर पाणी मारलं. याहून जास्त करायला माझ्याजवळ काही नव्हतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. त्या वेळी मला पणतू, ऑफिस, काही आठवलं नाही. हा मेला तर मी मारलेला असेल, एवढंच कळत होतं. बऱ्याच वेळाने त्याने एक लांब, फाटका श्वास घेतला. मग दुसरा. मग तो रडायला लागला. ते मिरचीने की कशाने, सांगता येणार नाही.

अम्मा उठून गोठ्यात गेली आणि कडब्याखालचा कापूस तपासत बसली.

पुढचं सरळ झालं. गल्लीतल्या बाया काठ्या घेऊन जमल्या, बंडीवाल्यांनी बैलांच्या दोरांनी तिघांना बांधलं. पाटील कोतवालांना घेऊन आला आणि त्या तिघांना अमरावतीच्या ठाण्याकडे घेऊन गेला. त्या पोराला बंडीत बसवायला लागलं. जमादाराचं मनगट सुजलं होतं, पण बोटं हलत होती. मी ती हलवून पाहिली. तो शिव्या देत होता.

माझ्या पोत्याच्या तळाशी मूठभर सरकी उरली होती. रहीमबी म्हणाली, पुढच्या खेपेले या, घरची सरकी बाजूला काढून ठेवतो. मी येते म्हटलं. खरं तर एका गावात दुसऱ्यांदा जायची आम्हाला परवानगी नसे. विहिरीपाशी पोचले तेव्हा विंडो बंद व्हायला आली होती.

इंगळे सर आमचे प्रोजेक्ट हेड. त्यांनी पोतं उचलून पाहिलं आणि विचारलं, "बाकीचं?"

"जाळलं."

मी सगळं सांगितलं. सर म्हणाले, "म्हणजे तुम्ही फील्डवर शस्त्र बनवलंत."

"मिरची होती सर."

"मिरची घरात होती तेव्हा मिरची होती. तुम्ही झरोका बघितलात तेव्हापासून ती शस्त्र झाली."

ते बरोबर होतं. चौकशी झाली. कोणी मेलं नव्हतं, म्हणून नोकरी राहिली. मागे जाण्याचं काम मात्र काढून घेतलं आणि मला ट्रेनिंगला बसवलं. मूठभर सरकीतली थोडी उगवली. रोपं अशक्त होती, पण बनी होती. आज संस्थेच्या शीतगृहात जी बनी आहे ती त्याच मुठीची. एवढ्याशा बियांवर उभं राहिलेलं वाण रोगाला लवकर बळी पडतं. संशोधक त्याबद्दल अजून कुरकुरतात, आणि त्यांचं चुकत नाही.

ट्रेनिंगमध्ये नवी मुलं हा किस्सा ऐकायला उत्सुक असत. मिरच्या किती घेतल्या, सरकी किती, मडकी कशी ठेवली, असं विचारत. ते मी कधीच सांगितलं नाही. मी त्यांना उलट विचारायची, दाराशी कोणाला उभं कराल? बहुतेकांना तो प्रश्न परीक्षेत येणार नाही असं वाटे. म्हणून मी तो परीक्षेत घालत असे.