चढाकडे तोंड

उताराच्या गल्लीत अगदी तळाला बेकरी आहे. भट्टी काका सांभाळतात, गाडी काकू. गल्ली त्यांना पाववाली काकू म्हणते आणि त्यांच्या जुन्या डिझेल पिकअपला म्हातारी.

हल्ली म्हातारी सकाळी उठायला राजी नव्हती. चावी फिरवली की नुसती कुंथायची, बऱ्याच वेळाने धूर ओकत सुरू व्हायची. इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून निरोपही आला होता, पुन्हा पाव उशिरा आले तर दुसरा बेकरीवाला बघू. निम्मा माल तिथेच जायचा.

बॅटरी बदलली, फरक शून्य. गॅरेजात नेली की मात्र एका चावीत सुरू, पाहुण्यांसमोर गुणी बाळ!

"माझ्यासमोर तर शहाण्यासारखी वागते," मिस्त्री म्हणाला.

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"तुम्ही नाही हो काकू, गरम गाडी खोटं बोलते. उद्या सकाळी मीच येतो. रात्री गाडी लावली की मी येईपर्यंत चावीला हात लावू नका."

सकाळी आल्यावर त्याने आधी गाडीभोवती चक्कर मारली.

"अशी चढाकडे तोंड करून कधीपासून लावता?"

"झाले काही महिने. का, गुन्हा आहे?"

"आणि कुंथते कधीपासून?"

काकाच दारातून म्हणाले, "तेव्हापासूनच."

"टाकी मागे, इंजिन पुढे," मिस्त्री बॉनेट उघडत म्हणाला. "स्ट्रॉच्या वरच्या टोकावर बोट दाबलं तर सरबत आत थांबतं, बोट उचललं की खाली. तसं कुठून तरी हवा शिरतेय आणि रात्रीत डिझेल टाकीकडे उतरतंय."

फिल्टरजवळच्या रबरी पाइपला क्लिपेखाली बारीक चीर होती. बोट लावलं तर तेलकट.

"मग तोंड खालीच करून लाव ना," काका म्हणाले. "हाय काय नि नाय काय!"

"नाही लावणार."

"अगं, पण का?"

"मग मागचा फाळका चढावर जातो. भरलेले ट्रे घेऊन गाडीला वळसा घालत वर कोण जाणार? पाठीचं ऑपरेशन तुमचं झालंय, माझं नाही."

काकांचा हात आपसूक पाठीकडे गेला. "मला वाटलं, तुला गाडी वळवायचा कंटाळा."

"वाटू दे की."

मिस्त्रीने हसू दाबत नवा पाइप बसवला, डिझेल पुन्हा वर ओढायला फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबला. गाडी लगेच सुरू झाली.

"यावर भुलू नका. रात्री अशीच लावा, चढाकडे तोंड करून. खरं काय ते उद्या कळेल."

दुसऱ्या दिवशी काकूंनी दात आवळून चावी फिरवली. म्हातारी पहिल्याच हाकेला उठली. इस्पितळाशी पोचल्या तेव्हा आचारी अजून कुलूप काढत होता.

"आज एवढ्या लवकर?"

"आता रोजच," काकू तोऱ्यात म्हणाल्या आणि ट्रे उतरवायला लागल्या. इंजिन मात्र त्यांनी बंद केलं नव्हतं.