बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी

साताऱ्यात लग्नानंतर आम्ही जिथं राहायचो ती खोली म्हणजे थंडीचं कोठारच. तळमजला, दार उत्तरेला, खिडकी एकच, आणि वर फळ्यांची पाटई. पाटईच्या वर घरमालक राहत. त्यात माझं पहिलं बाळंतपण आलं ऐन पौषात. खरं तर मी सांगलीला माहेरी जायची, पण पाय इतके सुजले की प्रवास नको म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मग आईच आली. येताना डिंकाचे लाडू आणले आणि एक गाठोडं भरून चिंध्या आणल्या.

त्या चिंध्या कशाला, ते मला विचारावं लागलं नाही. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता, तो नऊ दिवसांचा होऊन गेला. आईने बाळंतिणीच्या खोलीचं दार उघडलं, वारं लागलं आणि पोर गेलं, असं माझी आजी, म्हणजे आईची सासू, मरेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिली. आई त्यावर कधी चकार शब्द बोलली नाही. पण घरात कुणीही बाळंत झालं की आई चिंध्या घेऊन हजर. आल्या दिवशीच तिनं दाराच्या, खिडकीच्या सगळ्या फटी बुजवल्या आणि दाराला आतून गोधडी लावली.

मुलगी झाली. रात्रंदिवस रडायची. मी इतकी दमले होते की घास चावायचासुद्धा कंटाळा येई. माझे यजमान शाळेत मास्तर, ते सकाळी जे जात ते संध्याकाळी येत आणि दारातूनच, बरं आहे ना, म्हणून विचारत. बरं कुठलं असायला? पण सांगायला त्राण नसायचं.

ऊब कशाने द्यायची हाही एक ताप होता. लढाईचे दिवस, रॉकेल मिळायची मारामार. जळाऊ लाकूड ओलं. आई बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी ठेवायची, तिचा धूर पाटईतून वर जायचा आणि मालकीणबाई जिन्यावरून करवादायच्या. आठवडाभर आईने ऐकून घेतलं. नवव्या दिवशी तिनं लाकडाचा लोणारी कोळसा आणवला. कोळशाला धूर नाही, वास नाही, तेव्हा कुणाच्या डोळ्यांवर यायला नको, असं म्हणाली. मलाही ते पटलं. धूर नाही म्हणजे भीती नाही, इतकंच आम्हांला ठाऊक.

त्या दिवशी सकाळी न्हाऊ घालणारी बाई आम्हां दोघींना न्हाऊ घालून गेली. साताऱ्याजवळच्याच खेड्यातली ती, हाताने कणखर आणि तोंडानेही. ती गेल्यावर आईने शेगडी खोलीतच पेटवली, बाजेखाली सारली, दार लोटून घेतलं आणि दुपटी धुवायला मागच्या अंगणात गेली. खोली छान तापली. थोड्या वेळाने माझं डोकं जड झालं, कपाळाच्या शिरा ठणकायला लागल्या. म्हटलं, जागरणं झालीत, दुसरं काय असणार. मुलगी कुरकुरत होती, तीही हळूहळू गप्प झाली.

ती गप्प झाली तेव्हा मला बरं वाटलं. हे लिहायला आजही हात धजत नाही, पण खरं तेच आहे. नऊ दिवसांत पहिल्यांदा पोर आपणहून निजलं, गाल कसे गुलाबी दिसत होते, आणि मी मनात म्हटलं, आता अशीच पडून राहा बाई, मला जरा झोपू दे.

न्हाऊ घालणारी तंबाखूची पिशवी विसरली होती, म्हणून परत आली. दार ढकलून आत पाऊल टाकलं आणि तिथूनच ओरडली, "आवं काकू, कोळसा आत पेटवत्यात व्हय? मरतील की दोघी!" मी उठायला गेले तर पायांत जोरच नव्हता. तिनं मुलीला उचललं, दारावरची गोधडी ओढून फेकली आणि बोचऱ्या वाऱ्यात अंगणात नेलं. ओरडा ऐकून धावत आलेल्या आईने मागोमाग मला फरफटत नेलं. पोर लुळं पडलं होतं. ती बाई तिच्या तळव्यांवर टिचक्या मारत राहिली, पाठ चोळत राहिली. किती वेळ गेला देव जाणे. मग मुलीने तोंड वाकडं केलं आणि टाहो फोडला. आई मात्र धुण्याच्या दगडावर बसली ती बसूनच राहिली.

त्या बाईचा भाऊ पलटणीत होता. थंडीत तंबू बंद करून दोघं शिपाई कोळशाची शेगडी घेऊन निजले, ते सकाळी उठलेच नाहीत, हे त्यानं रजेवर आल्यावर सांगितलं होतं. तिनं आम्हांला नीट समजावलं. शेगडी अंगणातच ठेवायची, तिच्यावर विटा तापवायच्या, पोत्यात गुंडाळून बाजेखाली सारायच्या, आणि खिडकी वीतभर उघडी. तसंच केलं. तीन विटा आणि वाळूची एक पुरचुंडी, एवढ्यात तो हिवाळा निभावला.

आई त्यानंतर फारशी बोलेना. मला वाटलं, नातीचं मनाला लावून घेतलंय. चार दिवसांनी आम्ही अंगणात उन्हाला बसलो होतो, मुलगी तिच्या मांडीवर होती, तेव्हा ती एकदम म्हणाली, "शेगडी आतच होती गं तेव्हाही. माझं डोकं फिरायला लागलं म्हणून मी दार उघडलं. सासूबाई ओरडल्या, म्हणून परत लावलं आणि फटीत चिंध्या कोंबल्या."

मी म्हटलं, "आई, तू उघडलंस तेच बरोबर होतं."

ती मुलीच्या तळव्यांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "हे सासूबाईंना सांगायला हवं होतं."

आजीला जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.